सांधा

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत कमरेपर्यंत चढलं. बडोद्याच्या माणसाला पूर नवा नाही. पाणी ओसरलं की आधी जिन्याखाली मगर तर नाही ना हे बॅटरी मारून बघायचं आणि मग फ्रिजचं रडायचं, हा क्रम इथे पोरासोरांनाही पाठ आहे. मगर नव्हती. फ्रिज गेला, दोन गाद्या गेल्या, आणि आण्णांच्या भिंतीतल्या कपाटाचे खालचे दोन खण गेले.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ८३. दांडिया बाजारात चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, पुढे एक बाकडं, मधे रंगवलेला पडदा आणि पडद्यामागे लाल दिव्याची डार्करूम. दुकान बंद करताना निगेटिव्ह त्यांनी किलोवर विकून टाकल्या. फिल्ममधली चांदी काढणारे तेव्हा दारोदार फिरायचे. प्रिंट तेवढे घरी आले आणि खालच्या खणांत बसले. ते दोन दिवस पुराच्या पाण्यात होते.

एकमेकांना चिकटलेले ओले प्रिंट ओढून काढायचे नसतात. स्वच्छ पाण्यात सोडायचे, थोडा वेळ द्यायचा, आपोआप सुटतात. आण्णा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते आणि तिथून हुकूम सोडत होते. मी टबात हात घालून. त्यात १९७२ चा माझ्या मावसभावाच्या मुंजीचा ग्रुप फोटो हाताला लागला. चांगला साडेतीन फूट लांब, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पाण्यात जरा हलवला तर पुठ्ठा लगद्यासारखा सुटला आणि फोटोचे तीन तुकडे झाले.

"आण्णा, फाटला!"

"फाटला नाही, उकलला. तो तीनच होता."

मी तो फोटो जन्मभर पाहत आले आहे. तो तीन फोटोंचा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मुंज झाली ती रावपुऱ्यातल्या एका वाड्याच्या चौकात. चौक आडवा लांब, पण मागे सरकायला जागा नाही. साठ-पासष्ट माणसं एका फ्रेममध्ये येईनात. मग आण्णांनी तिकाटण्याला सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला खडू, आणि फरशीवर मोठी कमान आखली. माणसं त्या कमानीवर उभी केली, म्हणजे प्रत्येकजण कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. सरळ रांगेत उभं केलं असतं तर कडेच्या आत्या बारीक आणि मधले आजोबा ढोल दिसले असते. मग यशिका कॅमेरा जागच्या जागी फिरवत डावा, मधला, उजवा असे तीन फोटो. प्रत्येक फोटोत आधीच्याची कड थोडी परत घ्यायची. ही दोन-तीन माणसं दोन्हीकडे येतात, सांधा त्यांच्या अंगावरून जातो.

तिन्ही प्रिंट एकामागोमाग एक, त्याच डेव्हलपरमध्ये, घड्याळ लावून धुवायचे. नाहीतर डावीकडची मंडळी गोरी आणि उजवीकडची काळी. वरच्या तुकड्याची कड मागून पॉलिश पेपरनं घासून कागदाइतकी पातळ करायची, खळ लावायची, बसवायची, आणि सांधा दिसलाच तर बारीक ब्रशनं शाई टिपायची. हे सगळं आण्णांनी मला त्या ओल्या दुपारी सांगितलं. चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

मी शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. मला या जोडलेल्या फोटोंचं वेड लागलं ते मार्च २०२० मध्ये, सगळे घरात बसलेलो असताना. त्याच सुमारास क्युरिऑसिटी या मंगळावरच्या गाडीनं काढलेलं एक चौफेर दृश्य नासानं प्रसिद्ध केलं. हजाराहून जास्त फोटो जोडून केलेलं, १८० कोटी पिक्सेलचं. फोटो काढले होते २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०१९ या दिवसांत. अमेरिकेतली मंडळी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीवर घरी गेलेली, गाडीला दुसरं काम नव्हतं. ती एका जागी उभी राहून मान फिरवत बसली. सुट्टीत घर सांभाळायला ठेवलेल्या माणसानं अंगणातले सगळे कोपरे झाडून काढावेत तसं मला ते वाटलं.

फोनवर ते दृश्य उघडायचं, फोन समोर धरायचा आणि स्वतःभोवती फिरायचं. मी आमच्या गॅलरीत फिरत होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या बेननी वरून विचारलं, "चक्कर आवे छे?" मी म्हटलं, नाही, मंगळावर आहे. त्यांनी खिडकी लावून घेतली.

आण्णांना दाखवलं. त्यांनी डोंगराचं, वाळूचं कौतुक वगैरे काही केलं नाही. पहिला प्रश्न, "किती वाजता काढले?"

त्याचं उत्तर सुदैवानं होतं. त्यांतल्या चार दिवसांत मिळून साडेसहा तासांवर काम चाललं, पण रोज तिथल्या दुपारी बारा ते दोनमध्येच. उजेड सारखा राहावा म्हणून.

"बारा ते दोन!" आण्णा म्हणाले. "माणसं नव्हती म्हणून चाललं. माणसांचा ग्रुप बाराला काढला तर सगळ्यांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या."

त्या दिवसापासून आमच्या घरी मंगळाबद्दल बोलणं सुरू झालं, पण ते असं, दुकानदारी भाषेत. मी वाचायचे, ते तपासायचे. १९६५ च्या जुलैत नासाचं मरीनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं, तेव्हा पृथ्वीवर चित्र नाही, आकडे आले. एकेक आकडा म्हणजे एकेका ठिपक्याचा उजेड. एक चित्र पुरं यायला तास न् तास लागत. कॉम्प्युटरवर चित्र तयार होईपर्यंत तिथल्या इंजिनियरांना दम निघेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, रंगीत खडू आणले आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग हे ठरवून हातानं रंगवत बसले. मंगळाचं अगदी जवळून घेतलेलं पहिलं चित्र असं खडूनं रंगवलेलं आहे. आण्णांनी हे दोनदा वाचून घेतलं. लग्नाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत नवरीच्या शालूला हातानं रंग भरण्यात त्यांची तरुणपणाची कित्येक वर्षं गेली होती. "मग आम्ही काय वेगळं करत होतो," एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट लुना ९ ची. ३ फेब्रुवारी १९६६, चंद्रावर अलगद उतरलेलं पहिलं यान, रशियाचं. त्यानं आजूबाजूचं दृश्य पाठवलं ते इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकच्या दुर्बिणीवरही ऐकू आलं. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की हा आवाज वर्तमानपत्रांच्या कचेरीत तारेनं फोटो येतात तसा आहे. मग डेली एक्सप्रेस या दैनिकाकडून ते यंत्र मागवलं, लावलं, आणि त्यातून चंद्राचे दगड बाहेर आले. रशियानं छापायच्या आधी इंग्लंडनं छापले. फक्त उंची-रुंदीचं प्रमाण चुकलं होतं. शेजाऱ्याच्या पत्रिकेचा मजकूर भिंतीआडून ऐकून आपणच आधी वाटल्यासारखं झालं हे.

आणि १९७६ च्या जुलैत व्हायकिंग १ उतरलं, त्याच्या पहिल्या रंगीत फोटोत मंगळाचं आकाश निळं आलं. लोक खूश. मग रंग नीट मोजून पाहिले तेव्हा कळलं, आकाश धुळीचं, पिवळट गुलाबी आहे. चूक कॅमेऱ्याची नव्हती, जुळवणाऱ्यांची होती. आकाश म्हटल्यावर निळंच असणार, असं हाताला वळण पडलेलं असतं. आण्णा म्हणाले, शालू म्हटलं की आम्ही लाल भरायचो. एका नवरीनं येऊन सांगितलं, माझा हिरवा होता.

तर पूर ओसरला आणि ७ सप्टेंबरला गणपती. सोसायटीच्या मंडळाचं सजावटीचं सगळं थर्माकोल पार्किंगमध्ये ठेवलेलं, ते वाहून गेलं होतं. वर्गणी मागायला कोणाला तोंड नव्हतं, घराघरात गाळ. सेक्रेटरी म्हणाले, यंदा नुसती मूर्ती. मी म्हटलं, मला तीन हजार द्या आणि मांडववाल्याचे दहा पाइप.

मी निवडलं होतं ते ऑपॉर्च्युनिटीचं शेवटचं चौफेर दृश्य. ही गाडी २००४ च्या जानेवारीत मंगळावर उतरली, नव्वद दिवसांच्या बोलीवर. चालली १४ वर्षांहून जास्त, ४५ किलोमीटर. २०१८ मध्ये ती एन्डेव्हर नावाच्या २२ किलोमीटर रुंद विवराच्या उतारावर होती. १३ मे ते १० जून या २९ दिवसांत तिनं ३५४ फोटो काढले. मग धुळीचं वादळ. गाडी सौरऊर्जेवरची, आकाशच झाकलं गेलं. १० जूननंतर तिचा निरोप आला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत मोहीम संपल्याचं जाहीर झालं आणि त्यानंतर हे जोडलेलं दृश्य बाहेर आलं. त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काही फोटो काळे-पांढरे आहेत. तिचा कॅमेरा मुळात काळा-पांढराच. समोर रंगीत काचा सरकवून त्याच जागेचे पुन्हा पुन्हा फोटो घ्यायचे आणि त्यांतून रंग बनवायचा. त्या कोपऱ्यासाठी हिरव्या आणि जांभळ्या काचेची पाळी आलीच नाही.

फ्लेक्सवाल्याकडे गेले. ३२ फूट लांब, ६ फूट उंच, कडेनं दर दोन फुटांवर रिंगा. म्हणजे गोल केल्यावर दहा फुटांचं वर्तुळ होतं. त्यानं फाइल उघडली, इकडून तिकडे सरकवली, परत सरकवली.

"बेन, आमां फोटो कोनो मूकवानो?"

कोणाचाच नाही म्हटलं. एवढा मोठा फ्लेक्स आणि वर हात जोडलेला एकही माणूस नाही हे त्याला पटेना. शेवटी खाली मंडळाचं नाव तरी टाकू द्या म्हणाला. तेही नको म्हटल्यावर त्यानं पैसे आगाऊ मागितले.

गोल चित्राच्या आत माणसाला उभं करायची कल्पना माझी नव्हे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकारानं १७८७ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी गोल इमारतच बांधली. लोक पैसे देऊन अंधाऱ्या बोळातून मधल्या मचाणावर चढायचे आणि चारही बाजूंना चित्र बघायचे. पॅनोरमा हा शब्द त्याच धंद्यातून आला. पण मला बार्करच्या आधी आठवला तो तांबेकर वाडा. रावपुऱ्यात वाढलेल्या आम्हा पोरींना त्याची भीतीही होती आणि ओढही. वरच्या खोलीत भिंत न् भिंत चित्रांनी भरलेली, कृष्ण, महाभारत, लढाया, गोऱ्या मडमा. मधे उभं राहायचं आणि परकराचा घोळ होईपर्यंत गरागरा फिरायचं. चित्र बघायला आपल्याला फिरावं लागतं, हे मला तिथे पायांनी कळलं होतं.

पार्किंगमध्ये पाइप रोवले, फ्लेक्स टांगला. उंची ठरवताना एक गोष्ट पाळली: ऑपॉर्च्युनिटीचा कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर होता, म्हणून क्षितिजही तेवढ्यावर ठेवलं. दीड मीटर म्हणजे साधारण आमच्या सोसायटीतल्या बायकांची नजर. उंच पुरुषांना जरा वाकावं लागलं, वाकू दे. दोन टोकं जिथे भेटतात तिथे दीड फुटाची फट ठेवली, आत शिरायला. बाहेर गणपती, आत मंगळ.

पहिल्या संध्याकाळी पोरं आत शिरली आणि गाडीच्या चाकोरीवर बोट ठेवून "अहीं थी आवी" करत धावली. चाकोरी हे त्या चित्रातलं सगळ्यात गोड आहे. आपण ज्या वाटेनं इथवर आलो ती वाट मागे वळून दिसते. मोठी माणसं मात्र आत गेल्यावर गप्प व्हायची. मग बहुतेक सगळे एकच विचारायचे, "फोटो काढायला कोण गेलं होतं?" कोणी नाही म्हटलं की पुन्हा एकदा गोल फिरून बघायचे. मी खाली बोट दाखवायचे. तुम्ही उभे आहात तिथेच गाडी होती, म्हणून ती दिसत नाही. यावर एक आजोबा पटकन बाजूला सरकले.

समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या खिडकी लावून घेणाऱ्या बेनही आल्या. आत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाल्या, "आ तो मातानो मढ!" कच्छमधल्या या गावी आशापुरा मातेच्या दर्शनाला त्या दरवर्षी जातात. सगळे हसले. मी नाही हसले, कारण त्या बरोबर होत्या. ऑपॉर्च्युनिटीनं २००४ मध्ये मंगळाच्या खडकात जॅरोसाइट नावाचं पिवळसर खनिज शोधलं. ते बनायला पाणी लागतं, म्हणून त्याची एवढी वाहवा झाली. तेच जॅरोसाइट मातानो मढच्या मातीत आहे आणि मंगळ समजून घ्यायला आपले शास्त्रज्ञ तिथे जाऊन ती माती तपासतात. हे सांगितलं तेव्हा बेननी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांना कुठे पुरावा हवा होता.

तिसऱ्या दिवशी आण्णांना खाली आणलं. त्यांनी भिंग आणलं होतं. खुर्ची मधोमध ठेवायची की कडेला, यावर त्यांचा आणि माझा वाद झाला; मधोमध बसलं तर भिंग कशाला? ते कडेनं सांधे शोधत निघाले. पाऊण तास लागला. मधे आरती झाली, ते आतच होते. मग मला हाक मारली.

"हे आकाश कुठलं?"

६ फूट उंची भरायची म्हणून मी वरचं आकाश थोडं वाढवून घेतलं होतं. कोणाला कळणार, म्हटलं. "इथून वर दाणा बदलतो," आण्णा म्हणाले. "धूळ आहे खाली. वर नुसता रंग आहे." मग ते त्या काळ्या-पांढऱ्या कोपऱ्यापाशी गेले. मला वाटलं म्हणतील, एवढं राहिलं तर भरून टाकायचं होतं. हात शिवशिवत असणार. त्यांनी बोटानं कड चाचपली, जणू खळ नीट बसली आहे का बघावं. "हे त्यांनी बरं केलं. तुझ्यासारखं नाही केलं," म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, सांध्याखाली गेलेल्या कडांचं काय करतात? मी सांगितलं, काहीच झाकून ठेवत नाहीत. गाडीकडून आलेले कच्चे फोटो जसेच्या तसे नेटवर टाकलेले असतात. कोणीही उतरवून घ्या, पुन्हा जोडा. जगभर हौशी लोक तेच करत बसतात. २९ दिवसांतल्या सावल्या इकडच्या तिकडे पडतात, त्या कशा लपवायच्या यावर भांडतात. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो मुंजीचा वाळला का?"

वाळला होता. त्यांनी तीन तुकडे पलंगावर ठेवले. डाव्या तुकड्याची उजवी कड, दोन बोटं रुंदीची, पन्नास वर्षं मधल्या तुकड्याखाली दबलेली. बाकी फोटो पिवळा पडलेला, ही पट्टी मात्र लख्ख. त्या पट्टीत खुर्चीवर माझी आजी, आईची आई. आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा भाऊमामा.

हे नीट सांगायला हवं. जोडलेल्या फोटोत भाऊमामा आजीजवळ नाही. तो पार उजव्या टोकाला, मिशाळ सासऱ्यांच्या शेजारी ताठ उभा आहे, आणि आजीच्या खुर्चीमागे एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी आहे. आजीनं ती रिकामी जागा मरेपर्यंत विसरली नाही. दर दिवाळीला फोटो पुसताना बोट ठेवायची, "हे बघ, आईमागे जागा होती, तरी लेक सासऱ्याकडे." भाऊमामा शपथा घ्यायचा, अगं मी तुझ्याजवळच उभा होतो. फोटो भिंतीवर होता. त्याचं कोण ऐकणार?

"पहिला घेतला तेव्हा होता तो इथे," आण्णा म्हणाले. "मी प्लेट... फिल्म गुंडाळतोय तोवर सासऱ्यांनी हाक मारली. गेला तिकडे. तिसऱ्यात तिकडे आला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच जोडला ना."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"एका फोटोत एक माणूस दोनदा आला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही." गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे साडू. "आणि सांधा तिथेच बसत होता." मग थोड्या वेळानं, भिंग पुसत, "म्हातारीला दाखवायला पाहिजे होता. राहिलं."

मला राग आला आणि तो कुठे ठेवावा कळेना. निगेटिव्ह तर केव्हाच वितळल्या होत्या.

मी तिन्ही तुकडे स्कॅन केले आणि मंगळाचे फोटो जोडायला वापरते त्याच प्रोग्रॅममध्ये टाकले. प्रोग्रॅमला आजी ठाऊक नाही आणि सासरेही नाहीत. तो दोन्ही फोटोंतले सारखे ठिपके जुळवतो आणि कडा एकमेकांत विरघळवतो. मधल्या वेळात कोणी हललं असेल तर तो माणूस अर्धवट, पारदर्शक उरतो. तसंच झालं. उजव्या टोकाला भाऊमामा पक्का, ठळक. आजीच्या खुर्चीमागे भाऊमामा फिका, त्याच्या सदऱ्यातून मागचा तुळशीकट्टा दिसतोय.

आण्णांनी मॉनिटरला भिंग लावलं. "काम कच्चं आहे," म्हणाले. मग, "भाऊला पाठव."

भाऊमामा पुण्याला असतो, आता ऐंशीचा. विसर्जनाच्या दिवशी पाठवला. फ्लेक्स तोवर उतरवला होता; भाजीवाल्यानं हातगाडीवर घालायला मागितला, दिला. दुपारी भाऊमामाचा निरोप आला. फोटो मोठा करून पाहिला, म्हणाला. छान आहे म्हणाला. सासऱ्यांजवळचा पुसता येईल का, म्हणून विचारलंय.